ऑनलाइन आंतरविद्याशाखीय मास्टर्स : वेळ काढता येतो, खरी अडचण दुसरीच असते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, त्यावर ११ वर्षं नोकरी, आणि आता पर्यावरण, तंत्रज्ञान आणि समाज या तिन्हींवर बेतलेल्या ऑनलाइन मास्टर्सला प्रवेश मिळालाय. सुरुवात पाच आठवड्यांवर आलीय. "नोकरी सांभाळून वेळ कसा काढू? समाजशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, मागे पडेन का? आणि सुरू होण्याआधी काय वाचून ठेवू?"

मी स्वतः अशीच पदवी नोकरी करता करता घेतली आणि गेली १२ वर्षं दूरस्थ विद्यार्थ्यांची ट्यूटर आहे. तुमच्यासारखे विद्यार्थी दर सत्रात भेटतात आणि जवळजवळ सगळे याच क्रमाने विचारतात. वेळेचा प्रश्न हिशेबाचा आहे, तो सुटतो. दुसरा प्रश्न मात्र तुम्ही चुकीच्या टोकाने धरलाय. समाजशास्त्र वाचलेलं नसणं ही फार मोठी अडचण नाही, ते वाचता येतं. अडचण अशी की एका विषयात ज्याला पुरावा म्हणतात त्याला दुसऱ्या विषयात कुणी विचारत नाही, आणि हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं. वर्गात बसणाऱ्या मुलांना ते तास संपल्यावरच्या गप्पांतून, शिक्षकांच्या भुवया कधी उंचावतात ते बघून आपोआप कळत जातं. तुमच्या घरात त्या भुवया नाहीत. म्हणून जे त्यांना न मागता मिळतं, ते तुम्हाला ठरवून मिळवावं लागेल.

आधी वेळेचं उरकून टाकू.

माहितीपत्रकात क्रेडिटचा आकडा असेल. त्याचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास आणि मास्टर्स १८० क्रेडिट्सचं, म्हणजे १८०० तास. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत १ क्रेडिट २५ ते ३० तासांचा, इग्नूमध्ये ३० तासांचा. तुमचं विद्यापीठ कोणतं माप वापरतं ते बघा आणि आठवड्याचे तास स्वतः काढा. ब्रिटिश मापाने ३० क्रेडिट्सचं मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचा एक स्वतंत्र घटक, २४ आठवड्यांत करायचं असेल तर ३०० भागिले २४, म्हणजे आठवड्याला साडेबारा तास. यात व्हिडिओ, वाचन, चर्चा, असाइनमेंट आणि स्क्रीनकडे नुसतं बघत बसण्याचा वेळ, सगळं आलं. हमखास होणारी चूक अशी की लोक व्हिडिओचा वेळ कॅलेंडरवर टाकतात आणि वाचन "जमेल तसं" ठेवतात. व्हिडिओ हा त्यातला लहान तुकडा असतो. वाचनच घड्याळ खातं.

हे साडेबारा तास कसे पाडायचे ते तुमच्या कामावर, घरावर आणि झोपेवर आहे, त्यात मी बोलणार नाही. एकच आग्रह धरीन. आठवड्यात एक सलग तीन-चार तासांचा पट्टा हवाच, आणि तो लिहिण्यासाठी. वाचन तुकड्यातुकड्यांत होतं, युक्तिवाद तुकड्यांत उभा राहत नाही. आणि पहिल्या सत्रात एकच मॉड्यूल घ्या. दोन घेऊन लवकर संपवण्याचा मोह होतो, कारण सुरुवातीला उत्साह भरपूर असतो आणि असाइनमेंट एकही नसते. आठव्या आठवड्यात दोन्हींच्या तारखा एकमेकींच्या अंगावर येतात.

मधे थांबायची वेळ आली तर हातात काय राहील, हेही आत्ताच विचारून घ्या. ब्रिटिश रचनेत ६० क्रेडिट्सवर पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट आणि १२० वर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. माझ्या काही फार चांगल्या विद्यार्थ्यांनी ६० वर थांबून दोन वर्षांनी पुन्हा सुरू केलंय. दार कुठे आहे हे माहीत असलं की माणूस आत निवांत बसतो.

एक बारीकशी गोष्ट. विद्यापीठ दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर घड्याळं बदलण्याच्या तारखा आधीच टिपून ठेवा. युरोपात ती मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मी माझं पहिलं सादरीकरण यातच घालवलं. सगळी तयारी करून, केस विंचरून लॅपटॉपसमोर बसले तेव्हा सत्र संपून दहा मिनिटं झाली होती.

आता मूळ मुद्दा.

'रेझिलियन्स' हा शब्द घ्या. तुमच्या अभ्यासक्रमात तो पहिल्या महिन्यातच भेटेल. इंजिनिअर म्हणून तुमच्या डोक्यात काय येईल? भार दिला, वस्तू वाकली, भार काढला, ती किती लवकर पूर्ववत झाली. १९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने तोच शब्द वेगळ्या अर्थाने मांडला. एखादं तळं किंवा जंगल किती धक्के पचवू शकतं आणि तरीही स्वतःची घडण टिकवून ठेवतं, ती क्षमता. यात पूर्ववत होणं महत्त्वाचं नाही. तळं दर वर्षी हेलकावे खाईल, पण तळंच राहील. मानसशास्त्रात हाच शब्द संकटातून सावरणाऱ्या माणसाबद्दल येतो. आणि समाजशास्त्रातला टीकाकार विचारेल की पुरात घर गेलेल्या माणसाला 'तू रेझिलियंट हो' असं सांगताना बांध बांधण्याची जबाबदारी कुणी अंगावरून झटकली? एकच शब्द आणि चार बिऱ्हाडं. शब्द ओळखीचा असल्यामुळे आपल्याला कळलंय असंच वाटतं. अनोळखी शब्दाने असा घोटाळा होत नाही, कारण त्याचा अर्थ आपण शोधतो.

म्हणून माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी एक वही करायला लावते. कागदाची किंवा फाइलची, कशीही. त्यात फक्त ओळखीचे शब्द लिहायचे. मॉडेल, सिस्टीम, थिअरी, सिग्निफिकंट, बायस, क्रिटिकल, व्हॅल्यू. शब्दासमोर हा लेखक तो कोणत्या अर्थाने वापरतोय ते एका वाक्यात, लेखकाचा विषय आणि पान नंबर. संख्याशास्त्रज्ञाचं 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं नव्हे, आणि इतिहासकाराचं 'क्रिटिकल' म्हणजे गंभीर नव्हे. दोन महिन्यांत वहीत चाळीसेक शब्द होतात आणि पुढे असाइनमेंटचे विषय त्यातूनच निघतात, कारण जिथे एकाच शब्दावर दोन विषय भांडतात तिथे लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

पुराव्याचंही तसंच. माझ्या एका विद्यार्थ्याने, तोही इंजिनिअरच, पहिल्या चर्चासत्रात एका लेखाबद्दल लिहिलं, "१८ मुलाखतींवरून काय सिद्ध होणार? सॅम्पल फारच लहान आहे." त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. किती टक्के लोक एखादी गोष्ट करतात हे काढायचं असेल तर १८ माणसं पुरणार नाहीतच. पण त्या लेखाला टक्केवारी काढायचीच नव्हती. लोक एखाद्या यंत्राकडे कशा नजरेने बघतात, ती नजर कुठून येते, हे समजून घ्यायचं होतं. अशा संशोधनात मुलाखती कधी थांबवायच्या याचा अंदाज वेगळ्या रीतीने घेतात. नव्या मुलाखतीतून नवं काही हाती लागेनासं झालं की थांबायचं. याला सॅच्युरेशन म्हणतात, आणि या कल्पनेचं मूळ ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या मांडणीत आहे. त्या लेखावर खरी टीका करायची तर ती अशी होऊ शकते : १८ पैकी १५ जण एकाच संस्थेतले आहेत, मग ही नजर त्या संस्थेची की त्या व्यवसायाची? ही टीका समाजशास्त्रज्ञालाही मान्य करावी लागते. परक्या घरात भांडायचं तर त्या घरचे नियम पाळून भांडा, मग ऐकून घेतात.

आणि उलटही खरं. तुमच्या वर्गात साहित्य किंवा इतिहासातून आलेली माणसं असतील आणि त्यांना तुमचा आलेख म्हणजे शेवटचा शब्द वाटेल. अक्ष कुठून सुरू झालाय, एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) का नाहीत, हे त्यांना तुम्ही सांगू शकता. तुम्ही मागे पडाल का या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे : प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या आठवड्यात मागेच असतो.

विषयाचा स्वभाव ओळखायची माझी एक आवडती खूण सांगते. संदर्भ देण्याची पद्धत बघा. मानसशास्त्रात आणि बऱ्याच सामाजिक शास्त्रांत एपीए शैली चालते, मजकुरातच लेखकाचं नाव आणि साल. साल डोळ्यांसमोर हवं, कारण निष्कर्ष किती ताजा आहे याला तिथे किंमत आहे. साहित्याच्या अभ्यासात एमएलए शैली, लेखकाचं नाव आणि पान. तिथे वाक्य नेमकं कसं लिहिलंय हाच पुरावा, म्हणून वाचकाला पानावर नेऊन उभं करायचं. वैद्यकात व्हँकुव्हर शैली, नुसता क्रमांक. वाचणाऱ्याने नावात अडकू नये, दाव्याकडे बघावं. कायद्याच्या लेखनात तळटीपांची रांग, कारण तिथे कोणत्या अधिकाराच्या जोरावर बोलताय हेच विचारतात. विद्यार्थी याला कटकट समजतात. मला तर एखाद्या विषयाची ओळख करून घ्यायला याहून सोपी वाट माहीत नाही. (संदर्भ हाताने टाइप करू नका, एवढं मात्र ऐका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००६ पासून आहे, आणि मॉड्यूल बदललं की एका क्लिकवर शैली बदलून देतं.)

आता माझी फजिती. मी रसायनशास्त्रातून आले होते. पहिली असाइनमेंट प्लास्टिक कचऱ्यावर होती. मी मोठ्या मेहनतीने तीन भाग केले. आधी पॉलिमरचं रसायन, मग पुनर्वापराचं अर्थकारण, मग कायदे, आणि शेवटी एक परिच्छेद की या समस्येकडे सर्वांगीण दृष्टीने बघायला हवं. काठावर पास झाले. ट्यूटरने समासात एवढंच लिहिलं होतं, "तीन चांगले निबंध आहेत. ते एकमेकांशी बोलत का नाहीत?" मला महिनाभर राग होता. आता तेच वाक्य मी वर्षातून वीसदा तरी लिहिते.

विषय शेजारी शेजारी ठेवले तर ते बहुविद्याशाखीय झालं. आंतरविद्याशाखीय व्हायला एका विषयाचं उत्तर दुसऱ्या विषयाला अडचणीत आणणारं हवं. माझ्या त्या निबंधात ती जागा होती, मला दिसली नाही. रसायन सांगत होतं की यांत्रिक पुनर्वापरात बहुतेक प्लास्टिकचा दर्जा दर फेरीला उतरतो, आणि माझाच कायद्याचा भाग पुनर्वापराच्या टक्केवारीचं लक्ष्य ठरवून मोकळा होत होता. मग लक्ष्यात नेमकं काय मोजलं जातंय? गोळा केलेलं प्लास्टिक की पुन्हा कामाला आलेलं? निबंध इथून सुरू व्हायला हवा होता.

हे साधायचा सोपा मार्ग म्हणजे एकच ठोस प्रश्न खिशात घालून सगळ्या मॉड्यूलमधून फिरायचं. तुमच्यासाठी मी एक सुचवते, आवडला नाही तर बदला. शहराला पाणी पुरवणारे जुने पाइप गळतात. इंजिनिअर म्हणून तुम्हाला दाब, गंज आणि सांधे दिसतात. अर्थशास्त्राच्या मॉड्यूलमध्ये विचारा की गळती शोधण्याचा खर्च वाया जाणाऱ्या पाण्याच्या किमतीहून कधी जास्त होतो आणि ती किंमत कोण ठरवतं. समाजशास्त्रात विचारा, तक्रार कुठल्या भागातून येते आणि कुठल्या भागातले लोक तक्रार करणंच सोडून देतात. मग एक दिवस लक्षात येईल की गळतीचा नकाशा तक्रारींवरून बनवला असेल तर तो पाइपांचा नकाशा नाही, तक्रार करणाऱ्यांचा आहे. तिथे तुमचा सेन्सर आणि त्यांची मुलाखत, दोघांची गरज लागते. अशा एका जागेवर प्रबंध उभा राहतो.

वाचायचं कसं, हेही थोडं. प्रयोगशाळेतला शोधनिबंध तुम्हाला येतो. सारांश, आकृत्या, पद्धत, मग लागलं तर बाकीचं. सामाजिक सिद्धांताचा लेख असा वाचला तर हाती काही लागत नाही, कारण तिथे 'निकाल' नावाचा भागच नसतो. युक्तिवाद परिच्छेदापरिच्छेदाने सरकतो. तिथे आधी शोधायचं की हा लेखक कुणाशी भांडतोय. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पानावर "अमुक यांनी असं मांडलं असलं तरी" अशा थाटाचं वाक्य सापडतं. ते सापडलं की उरलेला लेख सरळ होतो. आणि वाचून झालं की पीडीएफ बंद करून आठवणीतून पाच ओळी लिहा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. पिवळ्या रंगाने पान रंगवणं बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही रंगवते. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो येणार. मायकेल मूर या अभ्यासकाने दूरशिक्षणातल्या अंतराला 'ट्रान्झॅक्शनल डिस्टन्स' म्हटलं. हे अंतर मैलांत मोजायचं नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाचा साचा किती घट्ट, यावर ते ठरतं. संवाद कमी आणि साचा घट्ट असेल तर हजार मैल आणि शेजारची खोली यात फरक उरत नाही. साचा तुमच्या हातात नाही, संवाद थोडाफार आहे. ट्यूटरला "मला हा लेख कळला नाही" असं लिहू नका, त्यावर आम्हाला काही करता येत नाही. "पान ११२ वर लेखिका यंत्राला राजकीय म्हणते. तिचा अर्थ यंत्र बनवणाऱ्याच्या हेतूबद्दल आहे की वापराच्या परिणामांबद्दल? मला दुसरा वाटतो, कारण..." असं लिहा. अशा ईमेलला मी रात्री अकरालाही उत्तर दिलंय. वर्गातला एक जोडीदारही शोधा, शक्यतो तुमच्या विषयाबाहेरचा, आणि पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास बोला. एकमेकांची पहिली दोन पानं वाचायची, बस. व्हॉट्सअॅपवरचे मोठे गट मात्र मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. तिथे मुख्यतः तारखा आणि धास्ती यांचीच देवाणघेवाण चालते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तासिका ठरलेल्या वेळी थेट होतात की हवं तेव्हा बघायच्या, यावर सगळं वेळापत्रक फिरतं. पदवी कशासाठी हवी, यावर निवड फिरते. नोकरीत दिशा बदलायची असेल तर खिशातला प्रश्न कामाच्या जवळचा घ्या. पुढे पीएचडी मनात असेल तर ऐच्छिक विषयांत एक तरी भक्कम संशोधनपद्धतीचं मॉड्यूल घ्याच, कारण तिथे "तुमची मूळ विद्याशाखा कोणती?" हा प्रश्न येतो आणि 'थोडं थोडं सगळं' हे उत्तर चालत नाही. प्रबंधाला दोन विषयांचे दोन मार्गदर्शक मिळाले तर दोघांना एकाच ईमेलमध्ये ठेवा, नाहीतर तुम्ही त्यांचे निरोप्ये होता. लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर एथिक्सची परवानगी लागते, तिला कित्येक आठवडे जातात, ते धरून चला. एआयची साधनं कुठपर्यंत चालतात हे प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं असू शकतं. लेखी नियम वाचा, सहाध्यायांना विचारू नका.

राहिला तिसरा प्रश्न, पाच आठवड्यांत काय वाचू. पूर्ण वाचनयादी संपवायच्या मागे लागू नका. संदर्भाशिवाय वाचलेलं टिकत नाही आणि यादी ऐनवेळी बदलते. तुमच्या पहिल्या मॉड्यूलच्या यादीतले दोनच लेख निवडा, एक तुमच्या जवळच्या विषयाचा आणि एक सगळ्यात परका वाटणारा. परका लेख तीनदा वाचा, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत. चौथ्या आठवड्यात दोन्हींवर मिळून एक पान लिहा : कोणता शब्द दोघे वापरतात, आणि कोण कोणाच्या पुराव्यावर हसेल. ते पान कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे बिनधास्त वाईट लिहा.

पाचवा आठवडा रिकामा ठेवा आणि त्यात ग्रंथालयाचं लॉगिन घरून चालतंय का ते बघा. एक पीडीएफ प्रत्यक्ष उतरवून बघा, असाइनमेंट जिथे चढवायची ते पान उघडा, आणि तुमच्या विषयाच्या ग्रंथपालांना दोन ओळींची ईमेल टाका. त्यांच्याकडे फार थोडे दूरस्थ विद्यार्थी जातात, त्यामुळे जो जातो त्याच्यासाठी ते अर्धा दिवस खर्च करतात. पासवर्ड चालत नाही हे पहिली असाइनमेंट द्यायच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा त्या रिकाम्या आठवड्यात कळलेलं परवडतं.